सल्ला: प्रमोशन आलंय, पण लॅब सोडावी लागणार

वाचकाचं पत्र (थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय):

“ताई, मी ३२ वर्षांची, केमिकल इंजिनिअर. जुन्या लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या रिसायकलिंगमध्ये काम करते. आर अँड डी टीममध्ये मी एकटीच बाई. ब्लॅक मासमधून, म्हणजे फोडलेल्या बॅटऱ्यांच्या काळ्या पुडीतून, लिथियम सगळ्यात आधी बाहेर काढायची जी प्रोसेस आता पायलट प्लांटवर (चाचणीच्या छोट्या प्लांटवर) चालते ती बरीचशी माझ्या हातची आहे. आता कंपनी मला ‘सस्टेनेबिलिटी आणि डायव्हर्सिटी हेड’ करतेय. पगार चांगलाच वाढतोय, वेळ ठरलेली, काम म्हणजे रिपोर्ट, कॉन्फरन्स, पॅनेल. लॅब मात्र पूर्ण बंद. बॉस म्हणतात मुलींना रोल मॉडेल हवीये, तू तिथेच जास्त उपयोगी आहेस. नवरा म्हणतो मुलगी तीन वर्षांची आहे, सोयीचं पडेल. मला निर्णय होत नाहीये. प्रोसेसचं पेटंट फाइल होतंय, त्यात माझं नाव आहे का तेही कुणी नीट सांगत नाही. आणि खरं सांगू, मी एकटी लॅबमध्ये राहिले काय किंवा नाही राहिले काय, जगाच्या पर्यावरणाला असा काय फरक पडणार आहे?”

प्रिय मैत्रिणी,

उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. ही पोस्ट आत्ता जशी समोर ठेवलीये तशी घेऊ नकोस. सरळ नाही म्हण असं म्हणत नाहीये मी, पण लॅब आणि पायलट हातातून सुटणार असेल तर हा सौदा तोट्याचा आहे, तुझ्यासाठी तर आहेच पण ज्या पर्यावरणाच्या नावाने ही पोस्ट काढलीये त्याच्यासाठीसुद्धा आहे. पगाराचा मोह होतोय तर होऊ दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पैसा लागतोच आणि त्याबद्दल पुढे बोलूच.

तुझा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, एकटीने काय फरक पडणार, कारण मला वाटतं तुझी सगळी घालमेल त्याच्यावरच उभी आहे. एकदा का ‘माझ्या टेबलावरच्या कामाने काही होत नाही’ असं मनात बसलं की मग स्टेजवर जाणंच मोठं वाटायला लागतं.

अन्ना मणी यांचं नाव ऐकलंयस का? फिजिक्सवाल्या. सी. व्ही. रामन यांच्या लॅबमध्ये त्यांनी हिरे आणि माणकांच्या स्पेक्ट्रोस्कोपीवर, म्हणजे त्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटावर, काम केलं, पेपर लिहिले, प्रबंधही दिला, पण एमएस्सी नव्हती म्हणून पीएचडी मिळाली नाही. मग त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलं आणि १९४८ मध्ये भारताच्या हवामान खात्यात आल्या. तिथे त्यांनी काय केलं, तर सुमारे शंभर उपकरणांची ड्रॉइंग्ज प्रमाणित केली म्हणजे ती बाहेरून मागवायला न लागता इथेच बनतील, आणि १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात ऊन मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. उन्हाची नोंद, वाऱ्याची नोंद, कॅलिब्रेशन, परत नोंद. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल यात काय मोठं. पण १९८० च्या आसपास त्यांनी सौर किरणांच्या आकडेवारीचे ग्रंथ तयार केले, नंतर वाऱ्याच्या आकडेवारीचे, आणि सोलर प्लांट कुठे टाकायचा, पवनचक्की कुठे उभी करायची हा प्रश्न जेव्हा खरोखर आला तेव्हा हातात धरायला आकडे होते. आकडे नसतील तर कुठली बँक त्यासाठी कर्ज देईल? म्हणजे अर्थव्यवस्था आणि पर्यावरण दोन्हीकडे पोचलेलं काम, आणि ते झालं उपकरणाच्या टेबलावर, आकड्यांमधली चूक सहन न करणाऱ्या एका बाईमुळे. अन्ना मणी म्हणायच्या की चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेलंच बरं, आणि तुझ्यासारख्या प्रोसेसवालीला हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरं उदाहरण मुद्दाम असं देते ज्यात पर्यावरण हा शब्दच नव्हता. सोफी विल्सन. १९८० च्या दशकात केंब्रिजमधल्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत तिने एआरएम नावाच्या प्रोसेसर चिपचा इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे चिपला कळणाऱ्या आज्ञांचा संच, डिझाइन केला, चिपची अंतर्गत रचना तिचा सहकारी स्टीव्ह फर्बरने केली. त्यांना चिप महागड्या सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या पॅकेजमध्ये बसवायची होती, म्हणून ती तापायला नको, म्हणून वीज कमी खायला हवी, एवढा साधा हिशोब. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप आली तेव्हा मेन सप्लाय जोडलेलाच नव्हता तरी ती चालत होती, बाकीच्या सर्किटमधून जी थोडी वीज झिरपत होती तेवढ्यावरच! आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्याच घराण्याची चिप आहे. बॅटरीवर दिवसभर चालणारा कॉम्प्युटर खिशात मावतो याच्यामागे ती काटकसर आहे. आणि तुझ्या टेबलावर जे सेल फुटून येतात ना, त्यातले कितीतरी त्याच फोनमधून आलेले असणार.

आता तुझं काम बघ. तुला माहितीच आहे पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते. जुनी बॅटरी डिस्चार्ज करून, फोडून, चाळून जी काळी पूड उरते ती ब्लॅक मास, त्यात कोबाल्ट, निकेल, मँगनीज, लिथियम, ग्रॅफाइट सगळं एकत्र. भट्टीच्या पद्धतीत कोबाल्ट-निकेल मिळतं पण लिथियम स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या मळीत, निघून जातं. ॲसिडच्या नेहमीच्या पद्धतीत लिथियमचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, तोपर्यंत प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळतं, वर सोडियम सल्फेटवाल्या खाऱ्या पाण्याचे टँकर भरतात आणि त्याचं काय करायचं ही सगळ्या धंद्याची डोकेदुखी आहे. त्यामुळे लिथियम आधी काढणं ही किरकोळ सुधारणा नाही. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यात वेस्ट बॅटऱ्यांमधून लिथियमची रिकव्हरी २०२७ अखेर ५० टक्के आणि २०३१ अखेर ८० टक्के करायची अट आहे, कोबाल्ट-निकेलसाठी तर ९० आणि मग ९५ टक्के. २०३१ पासून इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या बॅटरीत ठरावीक वाटा रिसायकल झालेल्या धातूचा लागणार, लिथियम किमान ६ टक्के. हे आकडे कागदावर लिहिले ते कायदा करणाऱ्यांनी, पण ते प्रत्यक्षात येणार की नाही हे ठरवणारी माणसं म्हणजे तू आणि तुझ्यासारखी लोकं, ज्यांना कुठल्या तापमानाला भाजायचं, पाण्यात किती वेळ ठेवायचं आणि फ्लोराइड कुठे पकडायचं हे कळतं. फरक काय पडणार विचारतेस, हा पडणार. जमिनीतून तेवढं कमी खणावं लागणार.

आता बॉसच्या रोल मॉडेलच्या मुद्द्याकडे येते. त्यांचा हेतू वाईट आहे असं मी धरून चालत नाही. पण आकडे काय सांगतात बघ. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने, म्हणजे आयरेनाने, २०१९ मध्ये जगभरचा आढावा घेतला तेव्हा अक्षय ऊर्जेच्या क्षेत्रात बायका ३२ टक्के निघाल्या, तेल आणि गॅसमध्ये २२ टक्के. वाचून वाटतं छान चाललंय. पण त्या ३२ च्या आत शिरलं की प्रशासकीय कामात ४५ टक्के आणि विज्ञान-इंजिनिअरिंगच्या कामात २८ टक्के. म्हणजे हरित क्षेत्रातसुद्धा बाई ऑफिसच्या बाजूला सरकते आणि मशिनच्या बाजूला कमी होते, आणि तुझी कंपनी तुला नेमकी त्याच दिशेने सरकवतेय, फक्त जरा भारी नाव देऊन. तू गेलीस की तुमच्या आर अँड डी मध्ये बायका किती उरतील? शून्य. मग त्या रोल मॉडेलकडे बघून जी मुलगी उत्साहाने तुमच्याकडे जॉइन होईल तिला लॅबमध्ये कोण दिसणार आहे? तिला कळणार की इथे हुशार बाईला बक्षीस म्हणून लॅबमधून बाहेर काढतात. मला यात फार वाईट वाटतं कारण हे अगदी चांगल्या शब्दांत, फुलांचा गुच्छ देऊन केलं जातं आणि नाही म्हणणारी बाई कृतघ्न ठरते.

ॲलिस हॅमिल्टन आठवते मला अशा वेळी. अमेरिकेतली डॉक्टर, १९१० च्या सुमारास शिशाच्या कारखान्यांमध्ये स्वतः जाऊन, कामगारांना भेटून, कुठल्या खात्यात कोण आजारी पडतंय हे शोधून काढायची, औद्योगिक विषबाधेचा अभ्यास तिथे तिनेच उभा केला म्हटलं तरी चालेल. १९१९ मध्ये हार्वर्डने तिला घेतलं, तिथली पहिली बाई प्राध्यापक, पण अटी घालून, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही, फॅकल्टी क्लबात यायचं नाही. हार्वर्डने तिला काम दिलं पण स्टेज दिलं नाही. तुझी कंपनी तुला स्टेज देतेय आणि काम काढून घेतेय. दोन्हीतलं निवडायची वेळ आली तर काय निवडावं याचं उत्तर तिच्या कामातच आहे. १९२५ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळायचा प्रश्न वॉशिंग्टनला चर्चेला आला तेव्हा ती जाहीरपणे विरोधात उभी राहिली, कारण कारखान्यातली माणसं तिने डोळ्यांनी बघितली होती. ऐकलं नाही कुणी. गाड्यांसाठीचं शिसंवालं पेट्रोल जगातून पूर्ण जायला २०२१ उजाडलं, शेवटचा देश अल्जीरिया. ते गेल्याने वर्षाला १२ लाखांहून जास्त अकाली मृत्यू टळतात असा युनायटेड नेशन्सच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. जवळपास शंभर वर्षं लागली हे भयानक आहे, पण तिचं म्हणणं टिकलं ते त्यामागे कारखान्यातली पाहणी होती म्हणून.

याच कारणाने मला ‘सस्टेनेबिलिटी हेड’ या पोस्टचीच धास्ती वाटते जेव्हा तिला प्लांटमध्ये प्रवेश नसतो. रिपोर्टवर सही तुझी आणि आकडे दुसऱ्याचे. धूर कमी करणाऱ्या सुधारित चुलींचं उदाहरण घे. लॅबमध्ये या चुली उत्तम चालत होत्या, जगभर वाटल्या गेल्या, रिपोर्टमध्ये वाटलेल्या चुलींचा आकडा छान दिसायचा. एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशात अडीच हजारांहून जास्त घरांचा काही वर्षं माग ठेवला. निघालं काय, तर पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला आणि नंतर तो फायदा विरून गेला, कारण चुली नीट वापरल्या जात नव्हत्या, दुरुस्त होत नव्हत्या. आरोग्यात फरक नाही, हरितगृह वायूंमध्ये फरक नाही. वाटप करणाऱ्यांच्या रिपोर्टने हे कधीच सांगितलं नसतं. म्हणून म्हणते, ज्या बाईला स्वतः मोजता येतं तिला मोजण्यापासून तोडून फक्त सांगायला बसवणं हे पर्यावरणाचंच नुकसान आहे.

मग धोरणाच्या टेबलावर, स्टेजवर जायचंच नाही का? जायचं, पण काम हातात ठेवून. सुझन सॉलोमनचं बघ. १९८६ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या भोकाचं कारण शोधायला जी मोहीम गेली तिची ती प्रमुख होती, वय तिशीचं, म्हणजे तुझ्याहून लहानच. तिने आधी कल्पना मांडली होती की ध्रुवावरच्या थंड ढगांच्या कणांवर क्लोरिनच्या रासायनिक क्रिया होतात आणि त्यातून ओझोन संपतो, आणि मग त्या गोठवणाऱ्या अंधाऱ्या हिवाळ्यात जाऊन मोजमाप करून आली. फ्रिज आणि स्प्रेमधल्या सीएफसी या क्लोरिनवाल्या वायूंवर संशय पक्का होत गेला, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, पुढे तो इतका कडक होत गेला की ओझोन तर सावरतोयच, पण सीएफसी हे स्वतः जबरदस्त हरितगृह वायू असल्यामुळे तापमानवाढीलाही चांगलाच ब्रेक लागला. उद्योग बुडाले नाहीत, त्यांनी पर्याय काढले. आणि हीच सॉलोमन नंतर आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, २००७ च्या अहवालात विज्ञानाच्या गटाची सहअध्यक्ष झाली. बघ, टेबलावर गेली ती मोजमाप घेऊन गेली, आणि विज्ञान सोडून नाही गेली.

पेटंटबद्दल. हे तातडीचं आहे, प्रमोशनच्या आधी हे निस्तर. मालकी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीच्या करारामुळे पेटंटची मालकी बहुतेक कंपनीचीच असते, ते ठीक, पण इन्व्हेंटर म्हणून नाव लागण्याचा हक्क शोध लावणाऱ्याचा असतो, पॅरिस कन्व्हेन्शन नावाचा जो जुना आंतरराष्ट्रीय करार आहे त्यात तो स्पष्ट लिहिलाय. आणि अमेरिकेसारख्या ठिकाणी खरा इन्व्हेंटर गाळला आणि ते दुरुस्त केलं नाही तर पेटंटच रद्द होऊ शकतं. त्यामुळे नाव विचारणं म्हणजे तू काही उपकार मागत नाहीयेस, कंपनीचंच पेटंट पक्कं करतेयस, आणि मेलमध्ये अगदी असंच लिही. इन्व्हेन्शन डिस्क्लोजरची, म्हणजे शोध काय आणि कुणाचा हे कंपनीत नोंदवतात त्या कागदाची, कॉपी माग. पेटंटमधल्या कुठल्या क्लेममधली (दाव्यातली) कल्पना कुणाची हे तुझ्या लॅब नोटबुकच्या तारखांनिशी लिहून पेटंट वकिलाला आणि बॉसना एकाच मेलवर पाठव, तोंडी नको. नुसती मेहनत केली म्हणून नाव लागत नाही, कल्पना तुझी असायला लागते, त्यामुळे सगळंच माझं असं न म्हणता जे तुझं आहे तेवढंच नेमकं सांग, मग ते खोडून काढणं फार अवघड जातं. आंतरराष्ट्रीय पेटंट अर्जांमध्ये इन्व्हेंटर म्हणून बायकांची नावं अजून पाचात एकसुद्धा भरत नाहीत आणि यातली किती नावं कल्पना नव्हती म्हणून नाही तर कुणी विचारलंच नाही म्हणून राहून गेली असतील याचा विचार करून मला राग येतो.

नाव गेलं की काय होतं? १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, थर्मामीटर लावले आणि दाखवून दिलं की कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापते आणि गार व्हायला सगळ्यात जास्त वेळ घेते. या वायूचं प्रमाण वाढलं तर पृथ्वीचं तापमान वाढेल हेही तिने लिहिलं. परिषदेत तो पेपर तिच्या वतीने एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचला. तीन वर्षांनी जॉन टिंडलने जास्त नेमकी उपकरणं वापरून उष्णता शोषण्याचं काम केलं आणि सगळं श्रेय तिकडे गेलं, टिंडलचं काम खरंच मोठं होतं त्याबद्दल वाद नाही, पण फूटचं नाव परत सापडायला दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला. तुझ्या मेलला अर्धा तास लागेल. आजच कर.

आता घर. हा भाग मी घाईने उरकणार नाही कारण नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नाहीये, तीन वर्षांचं मूल आणि प्लांटच्या बेभरवशाच्या वेळा हे दोन्ही सांभाळणं खरंच जीव काढतं. पण उपाय म्हणून तुझं काम बदलायचं की तुझ्या कामाची रचना बदलायची, हा खरा प्रश्न आहे. क्लॉडिया गोल्डिन, २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल, तिने बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा हिशोब मांडला. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की आज एकाच पेशातल्या बाई आणि पुरुषाच्या पगारातली बरीचशी दरी पहिल्या मुलानंतर पडते, कारण जी कामं कुठल्याही वेळी हजर राहायला लावतात ती तासाला जास्त पैसे देतात आणि घरातला एकजण ती करतो, दुसरा सोयीचं घेतो, आणि तो दुसरा कोण असतो ते तुला माहितीये. पण तिने आणि लॉरेन्स कॅट्झने अमेरिकेतल्या फार्मासिस्टच्या पेशाचा अभ्यास केला तेव्हा तिथे ही दरी फारच कमी निघाली, का, तर नोंदी कॉम्प्युटरवर, औषधं प्रमाणित, त्यामुळे एक फार्मासिस्ट गेला की दुसरा तिथून पुढे सुरू करू शकतो, अमुकच माणूस हवा असं राहत नाही.

हेच पायलटवर कर. आज तुझी प्रोसेस तुझ्या डोक्यात आहे म्हणून रात्री फोन तुला येतो. एसओपी, म्हणजे काम टप्प्याटप्प्याने कसं करायचं त्याची लेखी पद्धत, लिही, कुठल्या रीडिंगला थांबायचं, कुठल्या रीडिंगला मला न विचारता पुढे जायचं हे तक्त्यात टाक, एक डेप्युटी तयार कर जो अख्खी शिफ्ट सांभाळेल, फोन आठवड्याआड त्याच्याकडे जाऊ दे. तुझ्या जागी दुसरं कुणी काम चालवू शकतं असं झालं तर तुझी किंमत कमी होईल अशी भीती वाटेल, सगळ्यांनाच वाटते, पण प्रोसेस दुसऱ्याच्या हातात चालली की तीच प्रोसेस मोठ्या प्लांटवर न्यायला तयार आहे याचा तो पुरावा असतो. आणि नवऱ्याशी बोलताना ‘तुझ्या नोकरीत असा बदल शक्य आहे का’ हा प्रश्नही टेबलावर येऊ दे, भांडायला नाही, हिशोब पूर्ण व्हावा म्हणून. सोय सगळी एकाच बाजूने का काढायची?

कुणीतरी तुला कातालिन कारिकोचं उदाहरण देईल, १९९५ मध्ये युनिव्हर्सिटीने खालच्या पदावर उतरवलं तरी एमआरएनएवरचं (पेशीला प्रोटीन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवरचं) संशोधन सोडलं नाही, २००५ मध्ये ड्र्यू वाइसमनबरोबर तो महत्त्वाचा पेपर आला, त्यावर कोरोनाच्या लशी बनल्या आणि २०२३ मध्ये नोबेल. मला ती बाई फार आवडते. पण तू तसंच सोसावंस असं मी अजिबात म्हणणार नाही. तिच्या चिकाटीबरोबर तिला खाली उतरवणारी व्यवस्थाही त्या गोष्टीत आहे, आणि तिच्यासारख्या ज्या थकून निघून गेल्या त्यांचं काय काम बुडालं ते आपल्याला कधीच कळणार नाही. तेव्हा पगार माग. स्पष्ट माग.

बॉसकडे जाताना नकार घेऊन जाऊ नकोस, दुसरा प्रस्ताव घेऊन जा. म्हण की सस्टेनेबिलिटीची जबाबदारी मी घेते, पण प्रोसेसची टेक्निकल लीड म्हणूनच, पायलट माझ्याकडे राहील, आठवड्यातला निम्म्याहून जास्त वेळ तिथे जाईल आणि ते नेमणूकपत्रात लिहिलेलं असेल. सस्टेनेबिलिटीच्या पोस्टला जो पगार देताय तो टेक्निकल पोस्टला द्या, कंपनीला तो परवडतो हे तुम्हीच दाखवलंय. इफ्लुएंट (सांडपाणी), ऊर्जा, रिकव्हरी या आकड्यांवर माझी सही हवी असेल तर सॅम्पल घ्यायचा आणि प्लांट थांबवायला सांगायचा अधिकारही माझा. नवी मशिनरी घ्यायचा निर्णय होतो त्या मीटिंगमध्ये मला खुर्ची. पॅनेल वर्षातून मोजकी, आणि त्यात मी बोलणार ते लिथियमवर, ‘बाई असून कसं वाटतं’ यावर नाही. हे शेवटचं सांगताना अवघडल्यासारखं होईल पण सांगच, कारण समोर बसलेल्या मुलीला प्रेरणा मिळायची असेल तर ती बाई स्लॅगमधलं लिथियम कसं वाचवायचं ते समजावतेय हे बघून जास्त मिळेल.

डायव्हर्सिटीचं काम महत्त्वाचं आहे, ते मी झटकत नाहीये, पण एकटीच बाई आहे म्हणून ते तिच्याच गळ्यात हे बरोबर नाही. भरतीचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्या कामाच्या मोजमापात ते टाका म्हणावं. तुझ्याकडून एक गोष्ट मात्र लगेच होण्यासारखी आहे. तुमच्याकडे कोबाल्ट-निकेलची धूळ असते, इलेक्ट्रोलाइटमधून हायड्रोफ्लोरिक ॲसिडचा धोका असतो, आणि मास्क, ग्लोव्ह्ज, सूट बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या मापाचेच येतात, चेहऱ्याला नीट न बसणारा मास्क कडेने गळतो म्हणजे तो असून नसल्यासारखा. लहान मापांचे मास्क आणि प्रत्येकाची फिट टेस्ट मागून घे. पुढच्या मुलीला याचा उपयोग कुठल्याही पॅनेलपेक्षा जास्त होईल, आणि बारीक चणीच्या पुरुषांनाही होईल.

ते सगळं मान्य करतील असं नाही. पायलट आणि पेटंटवरचं नाव या दोन गोष्टींवर अडून राहा, बाकी कमी-जास्त करायला हरकत नाही. पायलटवर ‘एक वर्ष तिकडे जाऊन बघ, मग परत ये’ असं म्हणाले तर ते फक्त लेखी आणि तारखेनिशी असेल तरच ऐक, कारण वर्षभरात प्रोसेस पुढे जाते आणि परत यायला जागा राहत नाही. आणि दोन्हीला नाही म्हणाले, तर आहेस तिथे लॅबमध्येच राहून शांतपणे बाहेर बघायला लाग. हायड्रोमेटलर्जी, म्हणजे धातू द्रावणात विरघळवून वेगळे काढायचं काम, हाताने केलेली, पायलट चालवलेली माणसं या धंद्यात सध्या कमी आहेत, बॅटरी बनवणारे, रिफायनरीवाले, ई-वेस्टवाले सगळे शोधतायत. वीणा सहजवाला यांचं काम वाचून काढ, जुन्या टायरचं रबर स्टीलच्या इलेक्ट्रिक भट्टीत कोळशापासून केलेल्या कोकच्या काही भागाऐवजी वापरायची पद्धत त्यांनी सिडनीमधल्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीत शोधली आणि ती कारखान्यात चालवून दाखवली, पुढे २०१८ मध्ये ई-वेस्टसाठी छोट्या जागेत बसणारी मायक्रोफॅक्टरी उभी केली. बाहेर अर्ज करताना बायोडेटामध्ये पहिल्या ओळीत रिकव्हरीचा आकडा टाक, किती किलोच्या बॅचवर आणि किती शुद्धतेचं लिथियम कार्बोनेट मिळालं ते, कंपनीचं गुपित फुटणार नाही एवढं बघून. टीममध्ये काय काय केलं ते दुसऱ्या ओळीत.

पेटंटचा मेल गेला की मला कळव, त्यांचं उत्तर आलं तर तेही पाठव, बघून सांगते पुढे काय लिहायचं ते.

तुझी ताई